लाईट जाऊन आली आणि स्विच सगळं विसरला! कारखान्यातल्या नेटवर्क डिव्हाइसची सेटिंग्ज गायब का होतात?

पावसाळ्यात लाईट जाणं ही काही नवी गोष्ट नाही. घरी लाईट आली की पंखा फिरायला लागतो, फ्रीज घरघरतो, वाय-फायचा राउटर दोन-तीन मिनिटांत परत सुरू होतो. कारखान्यात मात्र कधी कधी वेगळंच घडतं. लाईट येते, पॅनेलमधले दिवे हिरवे होतात, मोटारी तयार असतात, पण ऑपरेटरच्या स्क्रीनवर मशीनच दिसत नाही. लाईन थांबलेली, सुपरवायझरचे फोन सुरू. मेंटेनन्सचा माणूस लॅपटॉप जोडून बघतो, तर पॅनेलमधल्या नेटवर्क स्विचची सगळी सेटिंग्ज गायब. जणू आत्ताच खोक्यातून काढलाय.

अशा वेळी पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: 'स्विच गेला, नवीन मागवा.' नवीन स्विच येतो, बसतो, चालतो आणि पुढच्या वेळी लाईट गेली की तोही तसाच कोरा होतो. कारण अनेकदा बिघाड डब्यात नसतोच. सेटिंग कुठे लिहिली गेली आणि सुरू होताना ती कुठून वाचली गेली, यात घोळ झालेला असतो. हा घोळ कसा होतो आणि कसा शोधायचा, ते समजून घेऊया.

ही डिव्हाइस असतात तरी काय?

घरातल्या राउटरचेच हे दणकट भाऊबंद. उष्णता, धूळ आणि थरथर सहन करतील असे बनवलेले. ते इलेक्ट्रिकल पॅनेलमध्ये पट्टीवर बसतात आणि बहुतेक २४ व्होल्ट डीसीवर चालतात. मशीनचा मेंदू म्हणजे पीएलसी, मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह, ऑपरेटरसमोरची टचस्क्रीन आणि ठिकठिकाणचे सेन्सर, या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला हे स्विच, गेटवे आणि राउटर लागतात.

कोणाचा आयपी ॲड्रेस काय, कोणता पोर्ट कोणत्या गटात, पासवर्ड काय, एक केबल तुटली तर माहिती कोणत्या वाटेने वळवायची, हे सगळं त्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. याच सांगून ठेवलेल्या गोष्टींना कॉन्फिगरेशन म्हणतात.

पाटी आणि वही

या डिव्हाइसमध्ये लिहायच्या दोन जागा असतात. एक रॅम. ती पाटीसारखी: लिहायला एकदम झटपट, पण वीज गेली की पुसली जाते. दुसरी फ्लॅश मेमरी. ती वहीसारखी: लिहायला जरा वेळ लागतो, पण वीज गेली तरी लिहिलेलं राहतं.

चालू असलेलं डिव्हाइस पाटीवर बघून काम करतं. वीज येते तेव्हा ते वही उघडतं, त्यातलं पाटीवर उतरवतं आणि कामाला लागतं. सिस्कोच्या उपकरणांत पाटीवरच्या मजकुराला 'रनिंग कॉन्फिग' आणि वहीतल्या मजकुराला 'स्टार्टअप कॉन्फिग' म्हणतात. इतर कंपन्यांत नावं वेगळी असतील, पण मांडणी साधारण हीच.

गंमत अशी, की अनेक औद्योगिक स्विचमध्ये 'अप्लाय' हे बटण दाबल्यावर बदल फक्त पाटीवर होतो. तो लगेच लागू होतो, मशीन चालू लागतं, काम झालं असं वाटतं. वहीत उतरवण्यासाठी 'सेव्ह' हे वेगळं बटण दाबावं लागतं किंवा 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' अशी कमांड द्यावी लागते. मोबाईलवर बोट लावलं की सेटिंग कायमची बदलते, या सवयीच्या माणसाला ही दुसरी पायरी सुचतच नाही.

ही चूक लगेच लक्षात आली असती तर प्रश्न नव्हता. पण कारखान्यातला स्विच महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे बंदच होत नाही. मार्चमध्ये सेव्ह न केलेला बदल जुलैच्या वादळात लाईट गेल्यावर उघडा पडतो. तोपर्यंत तो बदल करणारा ठेकेदाराचा इंजिनिअर दुसऱ्या कामावर गेलेला असतो आणि त्याने नेमकं काय बदललं होतं, हे कोणालाच आठवत नसतं.

मग कंपन्या आपोआप सेव्ह का करत नाहीत?

यामागे विचार आहे. समजा, १५ किलोमीटरवरच्या पंपिंग स्टेशनमधल्या राउटरची सेटिंग ऑफिसात बसून बदलताना चूक झाली आणि त्याच्याशी संपर्कच तुटला. बदल वहीत गेलेला नसेल, तर तिथल्या माणसाला फोन करून 'बंद करून चालू कर' एवढंच सांगावं लागतं. राउटर जुन्या, चालणाऱ्या सेटिंगवर परत येतो. अनुभवी इंजिनिअर तर धोक्याचा बदल करण्याआधी '१० मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो' अशी कमांड देऊन ठेवतात. सगळं ठीक झालं तर ती रद्द करून सेव्ह करायचं. नाही झालं तर राउटर आपणच मागे येतो.

सीमेन्सच्या स्कॅलन्स स्विचमध्ये तर दोन्ही पद्धती मिळतात. एकात बदल आपोआप सेव्ह होतो. दुसऱ्या 'ट्रायल मोड'मध्ये तुम्ही सांगेपर्यंत तो सेव्ह होत नाही. आपोआप सेव्ह होतानाही थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात पॅनेलचा मेन स्विच खाली ओढला, तर शेवटचा बदल जातो.

सेव्ह केलं होतं, तरी गेलं. का?

इथून खरी शोधाशोध सुरू होते. नेहमी सापडणारी कारणं अशी.

*१. ॲड्रेस उसना होता.* काही डिव्हाइसना आयपी ॲड्रेस नेटवर्कवरचं दुसरं कोणीतरी देतं. रॉकवेलची अनेक ॲलन-ब्रॅडली मॉड्यूल नवीन येतात तेव्हा 'मला ॲड्रेस द्या' असं विचारत बसतात. इंजिनिअर लॅपटॉपवरच्या छोट्या प्रोग्रॅममधून ॲड्रेस देतो, मॉड्यूल चालू लागतं, लॅपटॉप घेऊन तो घरी जातो. पण त्याच प्रोग्रॅममधलं 'आता विचारणं बंद कर' हे बटण, म्हणजे डिसेबल बूटपी-डीएचसीपी, दाबायचं राहून जातं. पुढच्या वेळी वीज आली की मॉड्यूल पुन्हा विचारतं आणि उत्तर द्यायला तो लॅपटॉप तिथे नसतो.

प्रोफिनेट पद्धतीत हेच जरा वेगळ्या रीतीने होतं. तिथे डिव्हाइसचं नाव कायमचं लिहिलेलं असतं, पण आयपी ॲड्रेस बहुधा पीएलसी तात्पुरता देतो. वीज गेली की ॲड्रेस ०.०.०.० होतो आणि पीएलसीने नाव ओळखून परत दिला की येतो. म्हणजे इथे ॲड्रेस जाणं हा दोषच नाही. तो परत येत नसेल, तर पीएलसीत नोंदवलेलं नाव आणि डिव्हाइसचं नाव जुळतं का, ते आधी बघायचं.

*२. वही आहे, पण उघडलीच जात नाही.* सिस्कोच्या अनेक राउटरमध्ये एक आकडा ठरवतो की सुरू होताना वही वाचायची की नाही. तो सहसा २१०२ असतो. पासवर्ड विसरला तर आत शिरण्यासाठी तो २१४२ करतात, म्हणजे राउटर जुनी सेटिंग्ज न वाचता सुरू होतो. काम झाल्यावर आकडा परत २१०२ करायचा विसरला, की पुढे कितीही वेळा सेव्ह करा, प्रत्येक वेळी राउटर कोराच उठतो. फाइल वहीत व्यवस्थित असते, फक्त कोणी ती वाचत नाही.

*३. बटण किंवा चकती चुकीच्या जागी.* काही ॲलन-ब्रॅडली मॉड्यूलवर आकडे फिरवायच्या तीन चकत्या असतात. त्या ८८८ वर ठेवून वीज दिली की मॉड्यूल फॅक्टरी सेटिंगवर जातं. रीसेट करून झाल्यावर चकत्या तशाच राहिल्या, तर प्रत्येक वेळी वीज आल्यावर तेच घडतं. रीसेटचं बटण धुळीने किंवा तेलाने आत अडकलं असेल, तरी परिणाम तोच.

*४. मेमरी कार्डचा घोळ.* स्विच जळाला तर नवीन बसवून पाच मिनिटांत काम सुरू व्हावं, म्हणून अनेक औद्योगिक स्विचना काढता येणारं कार्ड किंवा प्लग असतो. सीमेन्सचा सी-प्लग, हिर्शमन आणि मोक्साचे बॅकअप अडॅप्टर, काही सिस्को स्विचमधलं एसडी कार्ड ही त्याची उदाहरणं. सोय चांगली आहे, पण सेटिंग कार्डात की आतल्या मेमरीत, हे माहीत हवं. कोणीतरी कार्ड काढून नेलं किंवा त्यावरची लॉकची पट्टी सरकली, तर सेव्ह केल्याचा नुसता भास होतो.

*५. बॅटरी संपली.* जुन्या पीएलसीत आणि काही जुन्या गेटवेमध्ये प्रोग्रॅम साध्या रॅममध्येच असतो आणि वीज नसताना एक छोटी लिथियम बॅटरी तो सांभाळते. बॅटरीचा लाल दिवा महिनाभर लागलेला असतो, पण मशीन चालू आहे म्हणून कोणी बघत नाही. अशा ठिकाणी वीज चालू ठेवूनच बॅटरी बदलायची असते, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. सुरक्षेच्या सवयीने आधी मेन स्विच बंद केला, तर काही मिनिटांत प्रोग्रॅम जाऊ शकतो.

*६. वहीची पानं झिजली.* फ्लॅश मेमरी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. प्रकारानुसार ही मर्यादा काही हजार ते लाखभर वेळा असते. सेटिंग बदलून ती कधीच संपणार नाही. पण त्याच फ्लॅशवर एखादा प्रोग्रॅम दर सेकंदाला नोंदी लिहीत असेल, तर काही वर्षांत संपते. टेस्लाने २०२१च्या सुरुवातीला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या, त्या याच कारणाने. स्क्रीनमागची ८ जीबीची फ्लॅश सततच्या लिहिण्याने झिजत होती आणि मागचा कॅमेरा बंद पडत होता.

मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरलाही हे दुखणं झालं होतं. ९० मंगळ-दिवसांसाठी पाठवलेली ही गाडी २०१८ पर्यंत चालली. मात्र २०१४ च्या सुमारास तिची फ्लॅश दगा देऊ लागली आणि रात्री बंद झाल्यावर त्या दिवशीची माहिती पुसली जाऊ लागली. नासाने या प्रकाराला 'ॲम्नेशिया' म्हणजे स्मृतिभ्रंश असंच नाव दिलं. शेवटी फ्लॅश वापरणं सोडून, झोपण्याआधी माहिती पृथ्वीकडे पाठवून मोकळं व्हायचं, असा मार्ग काढला गेला.

*७. दुसरं कोणी तरी वर लिहितंय.* काही मांडण्यांमध्ये पीएलसी सुरू होताना आपल्याकडची सेटिंग्ज जोडलेल्या डिव्हाइसना नव्याने पाठवतो. मग ब्राउझरमधून हाताने केलेला बदल नीट सेव्ह होऊनही पुसला जातो. बदल मूळ प्रोजेक्टमध्येच करावा लागतो.

शोधायचं कसं? काय गेलं, ते आधी बघा

कोणती गोष्ट गेली आणि कोणती राहिली, यावरून कारणाची दिशा कळते.

- सगळं कोरं, पासवर्डही कंपनीचा: वही रिकामी आहे, वाचली जात नाही किंवा रीसेट होतंय. क्रमांक २, ३, ४, ६ तपासा.
- जुनी सेटिंग्ज आहेत, फक्त अलीकडचे बदल नाहीत: सेव्ह करायचं राहिलं.
- फक्त आयपी ॲड्रेस गेला: ॲड्रेस उसना होता.
- दुसऱ्याच मशीनची सेटिंग्ज दिसतात: कार्डांची अदलाबदल झाली.
- सेटिंग्ज ठीक, पण तारीख १ जानेवारी १९७० किंवा १ मार्च १९९३: घड्याळाची बॅटरी गेली किंवा घड्याळ वीज नसताना चालतच नाही. दुसरी तारीख सिस्कोच्या उपकरणांत दिसते. हे किरकोळ वाटतं, पण तारीख चुकली की सुरक्षित जोडणी नाकारली जाऊ शकते आणि बिघाड कधी झाला, हेही नोंदींवरून कळत नाही.

यानंतर एक साधी चाचणी. ठरलेल्या शटडाऊनमध्येच करायची, उत्पादन चालू असताना नाही. डिव्हाइसच्या 'लोकेशन'च्या रकान्यात एखादा शब्द लिहा, सेव्ह करा आणि सेव्ह झालेली फाइल उघडून तो शब्द दिसतो का, ते बघा. मग आधी मेनूमधून रीस्टार्ट करा. शब्द टिकला, तर वीज काढून १० मिनिटं बंद ठेवा आणि परत चालू करा. मेनूतून रीस्टार्ट केल्यावर टिकलं, पण वीज काढल्यावर गेलं, तर सेटिंग बहुधा वहीत जातच नाही, वीज असेपर्यंतच टिकतेय. १० मिनिटं अशासाठी, की काही डिव्हाइसमधला कपॅसिटर थोडा वेळ मेमरी जिवंत ठेवतो. पाच सेकंदांत परत चालू केलं, तर सगळं ठीक आहे असा चुकीचा समज होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: संशय असेल, तर डिव्हाइस बंद करण्याआधी चालू सेटिंग्जची फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या. सेव्ह करायचं राहिलं असेल, तर पाटीवर लिहिलेली ती एकच प्रत जगात शिल्लक असते. 'एकदा बंद करून चालू करून बघू' हा घरच्या राउटरचा उपाय इथे ती प्रतही पुसून टाकतो.

एवढं काय बिघडतं?

लाईन काही तास थांबते, हा झाला दिसणारा तोटा. न दिसणारे दोन जास्त गंभीर आहेत.

पहिला, पासवर्ड. फॅक्टरी सेटिंगवर गेलेला स्विच ॲडमिन-ॲडमिनसारख्या सगळ्यांना माहीत असलेल्या पासवर्डवर उघडतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच साठेक पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेकांसाठी काही तास बंद पाडल्या. मिराई स्वतः फक्त पाटीवर, म्हणजे रॅममध्ये राहायचा. डिव्हाइस बंद-चालू केलं की तो जायचा, पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत यायचा.

२०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर आला. त्याने किमान ५ लाख राउटर आणि स्टोरेज डिव्हाइसमध्ये शिरकाव केला. त्याचा पहिला भाग वहीत लिहिला जायचा, बाकीचे पाटीवर. त्यामुळे एफबीआयने लोकांना राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं तेव्हा बाकीचे भाग गेले, पण मूळ भाग राहिला. कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मॉडबस भाषेतल्या संदेशांवर नजर ठेवायची सोयही त्यात होती.

दुसरा तोटा, नेटवर्कची कोंडी. अनेक कारखान्यांत स्विच गोल रिंगमध्ये जोडतात, म्हणजे एक केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालतं. रिंगवर लक्ष ठेवणारा स्विच एक वाट मुद्दाम बंद ठेवतो. तोच आपली सेटिंग विसरला आणि दोन्ही वाटा उघडल्या, तर संदेश गोल गोल फिरत वाढत जातात आणि सगळं नेटवर्क तुंबतं.

तुंबलेलं नेटवर्क काय करू शकतं, हे १९ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतल्या अलाबामामधल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात दिसलं. युनिट ३ मध्ये अणुभट्टीतलं पाणी फिरवणारे पंप बंद पडले आणि ऑपरेटरना भट्टी हाताने बंद करावी लागली. पंपांचे कंट्रोलर नेटवर्कवरच्या जादा ट्रॅफिकमुळे ठप्प झाल्याचं तपासात निघालं. तिथे सेटिंग्ज पुसली गेली नव्हती. पण नेटवर्कवर संदेशांचा पूर आला की त्यावर अवलंबून असलेली यंत्रं कशी आडवी होतात, ते यातून कळतं.

मग करायचं काय?

उपाय फारसे खर्चिक नाहीत. प्रत्येक बदलानंतर सेव्ह करणं आणि फाइलची प्रत तारखेसह डिव्हाइसबाहेर ठेवणं. ठेकेदाराचं काम पूर्ण झालं असं मानण्याआधी त्याच्यासमोर डिव्हाइसची वीज काढून परत देणं आणि सगळं जसंच्या तसं येतं का ते बघणं. पॅनेलच्या दारावर डिव्हाइसचं नाव, आयपी ॲड्रेस आणि सेटिंग्ज कुठे आहेत (कार्डात की आत) एवढं चिकटवून ठेवणं. बॅटरी असेल, तर ती बदलल्याची तारीखही. २४ व्होल्टच्या सप्लायला छोटा यूपीएस लावला, तर सेव्ह होता होता वीज जाण्याचा धोका कमी होतो. पण यूपीएस म्हणजे सेव्ह करण्याला पर्याय नव्हे. त्याची बॅटरीही एक दिवस संपतेच.

कारखान्यांत वार्षिक शटडाऊन होतो, तेव्हा मोटारींना ग्रीस लागतं, फिल्टर बदलले जातात. त्याच यादीत 'प्रत्येक स्विच बंद करून चालू केला, सेटिंग्ज तपासली' ही एक ओळ घातली, तर न सेव्ह केलेला बदल वादळी रात्री सापडण्याऐवजी भर दिवसा, सगळे हजर असताना सापडेल. ती चाचणी सुरू करण्याआधी मात्र प्रत्येक स्विचची चालू सेटिंग्ज लॅपटॉपवर उतरवून घ्यायची.